रेकॉर्ड रूमच्या मामांना

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

कॉलेजच्या रिसर्च डेला यंदा सर्पदंशावरच्या माझ्या थिसिसचा पेपर वाचला. शेवटच्या स्लाइडवर गाइड सरांचं नाव होतं, एथिक्स कमिटीचं होतं, स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमचंही होतं. तुमचं नव्हतं. घरी येताना ते लक्षात आलं आणि लाज वाटली. म्हणून आता चारचौघांत लिहितोय.

मी पहिल्यांदा आलो तेव्हा हातात 'स्नेक बाइट' म्हणून दाखल झालेल्यांचे आयपीडी (भरतीचे) नंबर होते, बस. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून यादी पाहिलीत. "डॉक्टर, एवढ्यावर भागायचं नाही." एमएलसीचे, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसेसचे, केसपेपर वेगळ्या कपाटात, ते काढून दिलेत. मग 'अननोन बाइट'चे गठ्ठे. आणि मी निघालो तेव्हा पाठीमागून, "पोटदुखीचेपण बघा. मण्यारवाले तिथं सापडतात."

तसं पुस्तकात सगळं होतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, फारसं दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या मिटायला लागतात. काचेच्या नळीत रक्त 20 मिनिटं ठेवून ते गोठतं का हे बघायची टेस्टही नॉर्मल येते, कारण हे विष रक्ताला नाही, मज्जातंतूंना धरतं. पण असा पेशंट कॅज्युअल्टीत पोटदुखी म्हणून नोंदला जातो, वॉर्डात निदान बदलतं आणि रजिस्टरातली ओळ तशीच राहते, हे पुस्तकात नव्हतं. ते तुम्हाला गठ्ठे बांधता बांधता कळलं होतं.

2000 ते 2019 या काळात देशात वर्षाला सरासरी 58,000 माणसं सर्पदंशानं गेली, असा अंदाज आहे. त्यासाठी घरोघरी केलेल्या विचारपूशीचा आधार घ्यावा लागला. दवाखान्यांच्या रजिस्टरांवर विसंबून तो आकडा दिसलाच नसता. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं सर्पदंश नोटिफायेबल, म्हणजे प्रत्येक केस सरकारला कळवणं बंधनकारक, करायला राज्यांना सांगितलं. बातमी वाचली आणि तुमचं कपाट डोळ्यांसमोर आलं.

जर्नलला पाठवलेल्या प्रतीत तुमचं नाव घातलंय, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

तुम्ही रिटायर झाल्यावर पोटदुखीचे ते केसपेपर मीच परत बांधून ठेवले. गाठ काही तुमच्यासारखी बसली नाही.

तुमचा,
मेडिसिनचा माजी रेसिडेंट