लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का?

संपादक महोदय, स. न.

नाशिकने आता आडवं न पसरता उभं वाढावं, असा सल्ला देणारा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा आहे. ते स्वतः कितव्या मजल्यावर राहतात, तेवढं लिहायचं राहून गेलं. मी अकराव्यावर राहतो.

2020च्या राज्याच्या बांधकाम नियमावलीने इमारतींच्या उंचीला मोकळीक दिली, पाथर्डी फाट्याकडे टॉवर उठले आणि मुलाच्या आग्रहाखातर जुन्या नाशकातल्या तिवंध्यातला वाडा सोडून आम्हीही वर चढलो. सकाळी गॅलरीतून पांडवलेणी दिसतात, नाही म्हणत नाही.

गेल्या श्रावणात रात्री दीड वाजता आईला धाप लागली. रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली. पण स्ट्रेचर काही लिफ्टमध्ये शिरेना. तिरकं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, जुन्या लुगड्याने बांधून तिला खाली नेली. 87 वर्षांची बाई, धापा टाकत विचारते, "अरे, मिरवायला कुठं नेताय मला?" वाचली, देवाची कृपा. वाड्याचा जिना काळोखी आणि उभा होता खरा, पण पायऱ्या चौदाच, आणि हाक मारली की चार बिऱ्हाडांतले हात लागायचे. इथे शेजारची बेल दाबली, तर आधी कॅमेरा आपल्याला न्याहाळतो.

वाड्याचे गोडवे गात नाही. दर पावसाळ्यात 'धोकादायक'ची नोटीस आम्हीही घेतली आहे. पण दोन मजल्यांत नऊ बिऱ्हाडं नांदत होती. दवाखाना, किराणा, गोदाकाठचा बुधवारचा बाजार, सगळं पायी. ही दाट वस्ती नव्हे तर काय? लेखकांना मात्र दोनच नाशिक दिसतात: एक आभाळातलं, दुसरं मखमलाबादकडे द्राक्षबागा तोडून बांधलेल्या रो-हाऊसांचं. त्या दुसऱ्यात माझी पुतणी राहते. कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्कूटी काढते.

मंजुरी देताना मजले मोजतात, तशी लिफ्टची आतली लांबी-रुंदीही कुणी मोजतं का, एवढं आपल्या वार्ताहराने महापालिकेत जाऊन विचारावं.

जाता जाता: आपला अंक टाकणारा मुलगा वर येत नाही, गेटवरच्या केबिनमध्ये टाकून जातो. रविवारची पुरवणी माझ्या हाती पडते तेव्हा शब्दकोडं सुटलेलं असतं. तेही पेनाने.

आपला,
अकराव्या मजल्यावरचा एक वाचक,
पाथर्डी फाटा, नाशिक