सिराकूझाला एक दुपार पुरत नाही

संपादक महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीत युरोप सहलीचे जे मार्ग येतात, त्यांत सिसिली बेटावरच्या सिराकूझाच्या वाट्याला बहुधा एकच दुपार येते. सकाळी एटना ज्वालामुखी, जेवणानंतर सिराकूझा, रात्री ताओर्मिना. दुपार ही या शहरातली सर्वांत निरुपयोगी वेळ. एक-दीडपासून चारपर्यंत बरीच दुकाने आणि काही चर्च बंद असतात, मासळी-भाजीचा बाजार उठलेला असतो आणि दगडी चौक तापलेले असतात. ११ ऑगस्ट २०२१ रोजी याच परिसरात ४८.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने तो युरोपचा उच्चांक म्हणून मान्य केला. म्हणून जुलै-ऑगस्ट टाळावेत. चालायला एप्रिल-मे उत्तम, पण तेव्हा समुद्र थंड असतो. पोहायचे असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबरचा आरंभ बरा. त्या दिवसांत अधूनमधून जोरदार सरी येतात, एवढे गृहीत धरावे.

वारही पाहून ठरवावा. रविवारी बाजार भरत नाही आणि बस-गाड्या कमी असतात. पाओलो ओर्सी पुरातत्त्व संग्रहालय सोमवारी बंद असते. मंगळवारी पोहोचून शनिवारी निघाले तर चार रात्री मिळतात आणि काही हुकत नाही.

राहावे ते ऑर्तीजावर. शहराचा हा सर्वांत जुना भाग म्हणजे पुलांनी जोडलेले, जेमतेम किलोमीटरभर लांबीचे बेट आहे. सगळे पायी होते. मात्र जुन्या घरांत लिफ्ट क्वचितच असते, त्यामुळे ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर खोली कितव्या मजल्यावर आहे हे आधी विचारावे. खोलीच्या भाड्याखेरीज माणशी पर्यटन कर वेगळा पडतो.

सिराकूझाला जवळचा विमानतळ कातानियाचा. मुंबईहून तिथे थेट विमान नाही, वाटेत बदलावे लागते. सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा. एटनाची राख उडू लागली की कातानियाचा विमानतळ कधी कधी काही तास बंद ठेवतात आणि तुटक तिकिटे असली की पुढच्या विमानाचे पैसे बुडतात. विमानतळावरून सिराकूझाची थेट बस सुमारे सव्वा तासात पोहोचवते. बसथांबा रेल्वे स्टेशनजवळ आहे. तिथून ऑर्तीजा वीस-पंचवीस मिनिटे चालत, सामान जड असेल तर टॅक्सीने.

भाड्याची मोटार घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऑर्तीजात बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते आणि कॅमेरे नंबर टिपतात. दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी भाडे-कंपनीमार्फत घरी येते, वर कंपनीचे वेगळे शुल्क. मोटार घ्यावीच लागली तर ती बेटाच्या कडेच्या तालेते वाहनतळावर ठेवावी, पण तिथे जाण्याचा रस्ता बंदीच्या टापूत येत नाही ना, हे घरमालकाला विचारूनच निघावे. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो.

पाहण्यात पहिला मान कॅथेड्रलचा. हिमेराच्या लढाईतल्या इ.स.पू. ४८० च्या विजयानंतर इथला शासक गेलोन याने अथेना देवीचे मंदिर बांधले. सातव्या शतकात त्याच खांबांच्या मधल्या जागा भिंतींनी भरून चर्च झाले. अरबांच्या राजवटीत तिथे मशीद होती. १६९३ च्या भूकंपात दर्शनी बाजू कोसळली आणि अठराव्या शतकात आज दिसणारी बरोक बाजू उभी राहिली. समोरून फोटो काढून लोक परततात, पण मंदिराचे डोरिक (जुन्या ग्रीक शैलीचे) खांब दिसतात ते आत आणि डाव्या बाजूच्या व्हिया मिनेर्वा गल्लीतून. तेवढ्यासाठी सकाळी लवकर जावे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चित्रकार काराव्हाज्जोचे संत लुचियाच्या दफनाचे १६०८ मधले चित्र याच शहरात आहे. ते दोन चर्चांमध्ये आलटून पालटून असते, म्हणून सध्या कुठे आहे हे विचारूनच पायपीट करावी.

नेआपोलिस उद्यान ऑर्तीजापासून अडीच-तीन किलोमीटरवर आहे. दार उघडताच आत शिरावे, दहानंतर सावली उरत नाही. खडकात कोरलेले ग्रीक नाट्यगृह, २३ मीटर उंचीची ‘डायोनिसियसचा कान’ ही गुहा आणि इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सच्या कैद्यांना डांबलेल्या दगडखाणी, याला दोन-अडीच तास लागतात. इथे एक निराशा हमखास होते. मे ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत नाट्यगृहात प्राचीन ग्रीक नाटकांचे प्रयोग होतात (ही परंपरा १९१४ पासूनची) आणि त्यासाठी दगडी पायऱ्यांवर लाकडी आसने बसवतात. पायऱ्या पाहायच्या असतील तर हा काळ टाळावा. पण आमचा सल्ला उलटा आहे. त्याच काळात जावे आणि संध्याकाळच्या प्रयोगाचे तिकीट काढावे. प्रयोग इटालियनमध्ये असतो, कथानक आधी वाचून गेले तर सहज समजतो. बसायला उशी हवीच. आर्किमिडीज याच शहरात जन्मला आणि इ.स.पू. २१२ मध्ये रोमनांनी शहर जिंकले तेव्हा इथेच मारला गेला. त्याची म्हणून दाखवली जाणारी कबर मात्र रोमन काळातली आहे, तिच्यासाठी वाट वाकडी करू नये.

बाकीचे दिवस मोकळे ठेवावेत. सकाळी अपोलोच्या मंदिराजवळचा बाजार, दुपारी झोप, चारनंतर काला रोस्सा या छोट्या किनाऱ्यावर किंवा फोर्ते व्हिलियेनाच्या खडकांवर पोहणे. खडक धारदार आहेत, रबरी बूट घालावेत. सूर्यास्त आरेथुझाच्या झऱ्यापाशी पाहावा. समुद्राला लागून असलेल्या या गोड्या पाण्यात पपायरस हे लव्हाळे वाढते. जवळचे नोतो हे गाव पाहायचे तर एक सकाळ पुरे.

शाकाहारींची आबाळ होत नाही. वांग्याची आंबटगोड कापोनाता, वांगी घातलेला पास्ता आल्ला नोर्मा, बदामाची ग्रानिता (बर्फाचा गोड पदार्थ). टोकदार आरांचिनोत (तळलेल्या भाताच्या गोळ्यात) बहुधा खिमा असतो आणि भाजलेला पावाचा चुरा घातलेल्या पास्त्यात छोटी मासळी विरघळलेली असू शकते. म्हणून मागवताना ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा अच्चूगे’ (मांस नको, मासे नकोत, छोटी अँकोव्ही मासळीही नको) असे तिन्ही सांगावे. ग्रानितात दूध नसते, पण सोबतच्या ब्रिओश या गोड पावात अंडे असते. काही चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध विरजवणारा घटक) असते, कडक पाळणाऱ्यांनी तेही विचारावे. रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी मिळणे कठीण. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ म्हणजे बसण्याचा आकार लागतो, ती टीप नव्हे.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच देशाकडे अर्ज करावा. सिसिलीत चार रात्री आणि फ्रान्समध्ये दोन असतील तर तो इटलीकडेच जातो. विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

पुरवणीत यापुढे असे मार्ग छापताना प्रत्येक शहरापुढे बंदचे वार आणि दुपारची बंद वेळ छापावी, एवढी विनंती.

— काही नियमित वाचक, पुणे