बाबांची पाठ

पुणे

प्रिय संज्या,

दहाव्याला घाटावर तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होतास, "रड की लेका, मोकळा हो." मला रडूच आलं नाही. ते तुझ्या मनात राहिलं असणार. आज सगळं सांगतो.

मी शनिवारी मातीकामाच्या क्लासला जातो. तिथे बाबांचा चेहरा करायला घेतला आणि महिनाभर मोडत राहिलो. नाक बाबांचं यायचं, बाबा यायचे नाहीत. मग एकदा बाईंनी बडोद्याच्या सिरॅमिक शिल्पकार ज्योत्स्ना भट्ट यांनी मातीत घडवलेल्या मांजरांचे फोटो दाखवले. (२०२० साली गेल्या त्या.) मोजक्या वळणांत अख्खं मांजर! बघता बघता मला बाबांची पाठ आठवली.

शेवटचे ८ महिने त्यांना आंघोळ मीच घालायचो. स्टुलावर वाकून, माझ्याकडे पाठ करून बसायचे. त्यांना लाज वाटायची, मलाही. मणके मोजता यायचे. उजव्या खांद्याखाली लिंबाएवढी चरबीची गाठ होती, तिथे साबण लावताना माझा हात आपोआप हलका व्हायचा. मातीत ती गाठ अंगठ्याने चढवायला गेलो आणि हात तसाच हलका झाला. संज्या, मी सगळ्यांसमोर हमसून हमसून रडलो. कोणी काही विचारलं नाही. बाईंनी फक्त माती सुकू नये म्हणून पाठीवर ओलं फडकं टाकलं. बाबांना टॉवेल पांघरायचो ना, अगदी तसं.

ती पाठ भट्टीत फुटली. घाई माझीच. आतून पोकळ केली होती, पण खांद्यांत माती जाड राहिली, आत ओल होती. १०० अंशांना त्या पाण्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. तुकडे बाल्कनीत आहेत, टाकवत नाहीत.

दुसरी सगळीकडे बोटभर जाडीची केली, तळाला भोक ठेवलं, ३ आठवडे प्लॅस्टिकखाली सावकाश सुकवली. परवा १००० अंशांवर भाजून निघाली. माती सुकताना, भाजताना आक्रसते हे ठाऊक होतं, तरी हातात घेतल्यावर काळजात चर्र झालं. बाबाही असेच दर महिन्याला थोडे थोडे लहान होत गेले होते.

आईला अजून दाखवलेली नाही. कपाटात, तिच्याच जुन्या साडीत गुंडाळून ठेवली आहे. एकट्याने तिच्यापुढे ठेवायचा धीर होत नाही रे. रविवारी येशील?

तुझा,
अवि