साखळीची मिसळ : कांद्यापाशी अडणारं गणित

नाशिक

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा बेत वाचला. अंबड एमआयडीसीत एक मोठं स्वयंपाकघर आणि तिथून कॉलेज रोड, इंदिरानगर, पंचवटी, नाशिकरोड अशा चार दुकानांना तयार मिसळ. बर्गरवाल्यांना जमतं तर आपल्याला का नाही, असं तू विचारतोस. जमेल, पण तू आखलीस तशी नाही.

आधी त्यांचं का जमतं ते बघ. मॅकडोनाल्ड्स 1996 साली भारतात आलं. त्यांचा तळणीचा टायमर चालतो, कारण बटाटा पक्का केलेला असतो. गुजरातेत शेतकऱ्यांशी करार करून फ्राइजला चालणारे वाण लावून घेतले, मेहसाण्याच्या कारखान्यात कापून गोठवले. टिक्क्या तळोज्याहून येतात. उणे 18 अंशांवर ठेवलेला, एकाच मापाचा, ठरलेल्या ओलाव्याचा माल तेलात पडला की घंटी वाजेल तेव्हा तो तयार असतोच. तळणारा पोरगा कालच कामाला लागलेला असला तरी चालतो.

आता मिसळीकडे ये. रश्श्याचा जीव वाटणात आणि वाटणाचा जीव कांद्यात. लासलगाव-पिंपळगावच्या बाजार आवारात वर्षभर एकच कांदा येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ कांदा कांदाचाळीत साठवला तर टिकतो, कोरडा असतो, लवकर तांबूस होतो. दिवाळीच्या सुमारास येणारा नवा लाल कांदा पाणीदार. तो कढईत बराच वेळ शिजतच राहतो, भाजायला लागतो फार उशिरा. मेच्या हिशेबाने लिहिलेली ‘25 मिनिटं भाजा’ ही चिठ्ठी नोव्हेंबरात आचाऱ्याच्या हातात दिलीस तर वाटण फिकं आणि गोडसर होईल, रस्सा उसळीच्या आमटीसारखा लागेल. म्हणून मिनिटं लिहूच नकोस, वजन लिही. 2 किलो चिरलेला कांदा तेलावर परतून साधारण 700 ग्रॅम उरेपर्यंत भाजायचा. लाल कांद्याला रंग येईपर्यंत वजन त्याहून कमी भरलं, तर कच्चा कांदाच थोडा जास्त घ्यायचा. वजनकाटा हे तुझं पहिलं यंत्र.

चाळीस प्लेटचा अंदाज देतो. मोकळा रस्सा वाढणार असशील तर बारा लिटर धर. नाशकात रश्श्याचे वेगळे पैसे लावलेस तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही. वरचा 2 किलो कांदा, अर्धा किलो सुकं खोबरं, दीडशे ग्रॅम लसूण, शंभर ग्रॅम आलं, दोनशे ते अडीचशे ग्रॅम काळा मसाला, शंभर ग्रॅम तिखट, सगळं मिळून लिटरभर तेल. मीठ शंभर ग्रॅमपासून सुरू कर. कोरडी मटकी 1 किलो, भिजून, मोड येऊन दोन किलोच्या वर जाते. फरसाण 2 किलो.

काळा मसाला मात्र खुशाल अंबडला करून चारही ठिकाणी पाठव. धणे, दगडफूल, लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर, मिरची, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण धण्यांना लागते ती आच खसखशीला जाळते. खोबरं एकदा काळं पडलं की कडवटपणा कशानेही झाकला जात नाही. खोबरं-खसखस कांडताना तेल सोडतात आणि गोळे होतात, त्यामुळे ती शेवटी, धण्यांबरोबर टाकायची. पूर्ण गार झाल्यावरच पिशव्या भर. कोमट मसाला भरलास तर आत वाफ धरते आणि बुरशी येते.

वाटणही तिथे करता येईल, पण पाणी न घालता, तेल सुटेपर्यंत परतून, फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवायचं.

अंबडचं काम तिथे थांबव. पुढचं सगळं दुकानात. गोठवलेली मोडाची मटकी गरम केली की पिठूळ होते आणि साल सुटते. मटकी आठ-दहा तास भिजव, मग फडक्यात बांध. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत पूर्ण दिवस जातो, तेव्हा पुरचुंडी भट्टीजवळ ठेवावी लागते. मोड अर्ध्या सेंटीमीटरच्या पुढे जाऊ देऊ नकोस. हळद-मीठ घालून उघड्या पातेल्यात शिजव, कुकर नको.

तर्रीवर तर दुकानाची परीक्षाच असते. तेल तापलं की आच बंद करून तिखट टाक, नाहीतर ते जळतं, रंग काळवंडतो आणि गिऱ्हाइकाला ठसका लागतो. मग वाटण, मसाला, तेल सुटेपर्यंत परतणं आणि त्यावर उकळतं पाणी. गार पाणी ओतलंस की वाटणाच्या गुठळ्या होतात आणि तर्री वर यायला फार वेळ घेते. उकळी आली की मंद आच, ढवळाढवळ नाही. अर्ध्या तासाने वरची तर्री वेगळ्या भांड्यात काढून ठेव, प्रत्येक वाटीवर एक पळी. सकाळी सातला बरोबर लागणारा रस्सा दहापर्यंत आटून खारट होतो. चव बघून उकळतं पाणी घालायचं, आणि वाढताना डाव तळापर्यंत न्यायचा, नाहीतर शेवटच्या पंगतीला नुसता गाळ.

चुलीवरच्याच मिसळीला चव येते, हे फार मनावर घेऊ नकोस. माझ्या मते धुरापेक्षा रुंद पातेलं आणि मंद आच जास्त काम करते. चुलीवरची पाटी लावली की गाड्या थांबतात, हे मात्र खरं.

साखळीवाल्यांकडून उचलायची गोष्ट म्हणजे तळणीच्या तेलाची तपासणी. 1 जुलै 2018 पासूनच्या नियमाने तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारी खराब द्रव्यं, 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. हातात धरायचं मीटर मिळतं. फरसाण स्वतः तळणार असशील तर ते घेच. तेल दाट व्हायला लागलं, फेस धरू लागलं की समज उशीर झालाय.

घरपोच पाठवताना उसळ, रस्सा, फरसाण, कांदा-कोथिंबीर सगळं वेगळं. रस्सा गरम भरला तर फरसाण त्याच्या डब्याला टेकवूसुद्धा नकोस, वाफेने शेव मऊ पडते. पाव कागदात, प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो.

2027 च्या सिंहस्थाचा हिशेब तू धरलायस, तर कांदा-लसूण नसलेला एक रस्सा बसवून ठेव. साधूंची आणि चातुर्मास पाळणाऱ्यांची गर्दी असेल. दाटपणा तीळ, खोबरं आणि दाण्याच्या कुटाने येतो. कूट जास्त झालं तर उपासाची आमटी होते, म्हणून बारा लिटरला पाव किलोवर जाऊ नकोस. पळी-डाव वेगळे ठेव.

चारऐवजी आधी दोन दुकानं धर, आणि त्यातलं एक सातपूरला बघ. कारखान्याची पहिली पाळी सुटल्यावर तिथे भूक असते. कॉलेज रोडचं भाडं किती सांगतायत ते कळव. तिथे मिसळ दुपारपर्यंतच विकली जाणार आणि भाडं चोवीस तासांचं लागणार. संध्याकाळी त्या गाळ्यात काय विकणार, ते ठरल्याशिवाय सही करू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या