आधी नोंदणी शुल्क, मग ऑडिशन?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा आटोपल्या की ठाण्यापासून वाशीपर्यंत 'मालिकेसाठी नवे चेहरे हवेत' अशी पत्रके झळकू लागतात. खाली एक मोबाइल नंबर आणि बारीक अक्षरात 'नोंदणी शुल्क'. हे शुल्क नेमके कशाचे? कास्टिंग डिरेक्टरचे, म्हणजे भूमिकांसाठी कलाकार शोधणाऱ्याचे, मानधन निर्माता देतो, कलाकार नव्हे. कलाकाराला काम मिळवून देणारा मध्यस्थ, म्हणजे को-ऑर्डिनेटर, कमिशन घेतो, साधारण दहा ते पंचवीस टक्के, पण तेही काम झाल्यावर, मिळालेल्या मानधनातून. आधी पैसे, ठरावीक ठिकाणीच पोर्टफोलिओ (फोटोंचा संच) आणि 'कार्ड (कलाकार संघटनेचे) काढून देतो' असे एका दमात सांगणारा या दोघांपैकी कोणीच नसतो.

खरे कास्टिंग पटकथेपासून सुरू होते. प्रत्येक पात्राचे वय, बोलीचा लहेजा, लागणाऱ्या तारखा यांचे ब्रीफ निघते. मग टेप (ऑडिशनचा व्हिडिओ), शॉर्टलिस्ट, दिग्दर्शक आणि वाहिनीची पसंती, लूक टेस्ट, शेवटी तारखा लॉक. छोट्या भूमिका करता करता या कामात शिरलेले बरेच जण आहेत, ते उगाच नाही. दोन वाक्यांच्या हवालदाराने नायकाच्या वाक्यावर चढायचे नसते, हे सेटच्या कोपऱ्यात तासन्‌तास उभे राहिल्याशिवाय उमगत नाही.

ऑडिशन जिथे चालतात त्या अंधेरीच्या आरामनगरला (घाटकोपरहून मेट्रोने वर्सोवा, पुढे रिक्षा) दारातच 'फिट' की 'अनफिट' ते ऐकावे लागते. अनफिट म्हणजे अभिनय वाईट असे नव्हे. ब्रीफमध्ये बसत नाही, एवढेच. आता पहिली फेरी बहुधा घरूनच टेप पाठवून होते आणि तिथेच निम्मे लोक गळतात. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, मागे साधी भिंत. खिडकी चेहऱ्यासमोर हवी. पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. पंखा बंद ठेवावा, नाहीतर त्याची घरघर संवाद खाते. आधी इंट्रो: नाव, वय, उंची, राहण्याचे ठिकाण, येणाऱ्या भाषा, मग चेहऱ्याची डावी-उजवी बाजू आणि हात दाखवावेत. क्यू देणाऱ्याने, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्ये वाचणाऱ्याने, लेन्सला चिकटून उभे राहावे आणि हळू बोलावे. कित्येक टेपमध्ये समोरच्याचाच आवाज मोठा येतो!

काम मिळाले तरी हिशेब वेगळा. पर-डे, म्हणजे दिवसाचे मानधन, ठरतो, शिफ्ट बारा तासांची, त्यातून दहा टक्के टीडीएस, आणि पैसे बहुतेकदा नव्वद दिवसांनी. पहिले तीन महिने खिशातून जातात, हे आधी सांगणारा भेटत नाही.

मुलांच्या बाबतीत कायदाच स्पष्ट आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मिळकतीचे किमान 20 टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. पालकांनी पहिल्याच फोनवर या परवानगीबद्दल विचारावे. पलीकडचा माणूस विषय बदलतो का, ते बघावे.

आपल्या छोट्या जाहिरातींच्या रकान्यातही अशा ओळी अधूनमधून दिसतात. निर्मितीसंस्थेचे नाव आणि ऑडिशनचा पूर्ण पत्ता असल्याशिवाय त्या घेऊ नयेत, ही विनंती.

– काही चरित्र कलाकार व कास्टिंग साहाय्यक, ठाणे