सईचे डोळे

चि. मंदार,

काल माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास. त्यानंतर तुझी आईही माझ्याशी धड बोललेली नाही. म्हणून लिहून पाठवतोय. सावकाश वाच, पण आजच वाच.

'बाबा, साधी सर्दी आहे, पाळणाघरात सगळ्यांनाच होते,' म्हणालास. असेलही. पण तिथल्या एका मुलाला गोवर निघाला, हेही तूच सांगितलंस. त्याला बारा दिवस झाले. लागण झाल्यापासून ताप यायला साधारण तेवढेच दिवस लागतात. सईचा ताप तीन दिवस उतरत नाही, नाक वाहतंय, खोकला आहे, आणि खिडकीकडे तोंड केलं की रडते. हे शेवटचं तू सहज बोलून गेलास. मी रात्रभर त्याच्यावरच अडलोय. लहानपणी गोवर झाला तेव्हा तूही असाच रडायचास. पडदा ओढला की गप्प. मला वाटलं, झोप झाली नसेल.

तिला उजेडात मांडीवर घे आणि गालांच्या आत बघ, दाढा येतात तिथे. लालसर भागावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर गोवरच. ते एक-दोन दिवसच टिकतात, म्हणून दिसले नाहीत तरी निश्चिंत होऊ नकोस. पुरळ आधी कानामागे आणि केसांच्या कडेला येतं, मग तोंडावर, तिथून खाली पायांपर्यंत. सावळ्या अंगावर लाली चटकन कळत नाही, हात फिरवून बघ.

सईची गोवराची लस सर्दी आहे म्हणून पुढे ढकलायला नको होती. किरकोळ सर्दीत लस देतात. हे आता बोलून काय उपयोग, कळतंय मला. माफ कर. ज्याने स्वतः चूक केली त्याने दुसऱ्याला बोलू नये.

कानाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तुझी आई तेव्हा माईकडे होती, तू माझ्या भरवशावर होतास. अंगभर पुरळ आलं तेव्हा कुठे मी तुला उचललं. पुढे कान वाहायला लागला, तेही चार दिवस मी कापसाने पुसत बसलो. आजही तू फोन उजव्याच कानाला धरतोस. मी ते दर वेळी बघतो.

दवाखान्यात आधी फोन करून जा. गोवराचे विषाणू हवेत दोन तास राहू शकतात, बाकावर कुणाचं तान्हं बाळ असेल. अ जीवनसत्त्वाचं विचार, ते लागोपाठ दोन दिवस देतात, पण डॉक्टरांनी सांगितलं तरच. धाप लागली, पाणी पिईना, गुंगीत राहिली, झटका आला, तर सकाळची वाट बघू नकोस. कान ओढत असेल तर तेही सांग.

तीन रात्री तू एकटा जागतोयस, हे आईने सांगितलं. मला तेवढं जमलं नव्हतं, मंदार.

गालाच्या आत काय दिसलं ते कळव, कितीही वाजू देत. फोन उशाशी घेऊन पडतोय.

बाबा