गंगाधरपंतांना उत्तर कोण देणार?

प्रिय वंदे,

आई बरी आहे, माझं बीपी गोळीवर ठीक आहे. आता मुद्द्यावर येते. हे फोनवर सांगितलं असतं तर तू "हं, हं" करत कुकर लावला असतास, म्हणून पत्र.

ओवी आठवते ना, माझी भाची, तुझ्या पैठणीवर सरबत सांडणारी? ती अकरावीत गेली. सुट्टीत आली होती, तेव्हा मी तिला इझाबेल किमची कथा वाचायला दिली, 'व्हाय डोन्ट वी जस्ट किल द किड इन द ओमेलास होल'. २०२४ च्या फेब्रुवारीत 'क्लार्क्सवर्ल्ड' या विज्ञानकथांच्या इंग्रजी मासिकात आली आणि पुढे नेब्युला पुरस्कार घेऊन गेली. उर्सुला ली ग्विन या लेखिकेच्या जुन्या ओमेलास-कथेला दिलेलं हे उत्तर. 'आधी ली ग्विन दे, मग ही' असं तू म्हणाली असतीस. मी मुद्दाम दिली नाही. नव्या कथेत स्वतःचा दम असेल तर ती वाचणाऱ्याला आपणच मागे जुन्या कथेकडे नेते, असं माझं मत तुला ठाऊक आहे.

आणि तसंच झालं गं! ली ग्विनचं ओमेलास म्हणजे असं शहर, जिथे एका पोराला हालात कोंडून ठेवलंय म्हणूनच बाकी सगळे सुखी आहेत. किमच्या कथेत पहिल्याच वाक्यात ते पोर मारलं जातं आणि ओमेलासचे दिवे जातात. मग शहर दुसरं पोर आणून ठेवतं, तेही मारलं जातं, आणि बाहेरचं जग त्यावर चर्चा झोडत बसतं. ओवी ओट्याला टेकून मोबाईलवर वाचत होती. आधी हसली, कारण किमची भाषा कट्ट्यावरच्या पोरांची आहे. मग हसायची थांबली. रात्री तिने ली ग्विनची १९७३ ची मूळ कथा स्वतःच शोधून काढली. सकाळी त्याच कथेला जेमिसिन या लेखिकेने दिलेलं २०१८ मधलं उत्तर, 'द वन्स हू स्टे अँड फाइट'. एक म्हणते, काही लोक शहर सोडून निघून जातात; दुसरी म्हणते, जाऊ नका, थांबा आणि लढा; तिसरी विचारते, पोरालाच मारलं तर? तीन बायकांचं पन्नास वर्षं चाललेलं भांडण.

(निघून जाणारे पळपुटे, हे तुझं म्हणणं मला अजून मान्य नाही. ज्या सुखात वाटा नको ते नाकारायलाही छाती लागते. मेसमध्ये यावरून तू माझी भाकरी पळवली होतीस, तीही अजून वसूल व्हायची आहे.)

पण पत्राचं कारण वेगळंच आहे. त्याच दुपारी ओवीने दप्तरातून एनसीईआरटीचं इंग्रजीचं पुस्तक काढलं. त्यात नारळीकरांचा धडा आहे, 'द ॲडव्हेंचर'. म्हणजे आपले 'गंगाधरपंतांचे पानिपत'! त्यातले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या एका वेगळ्याच जगात जाऊन पोचतात, तीच कथा. समासात पेन्सिलीने शब्दार्थ, 'कॅटॅस्ट्रॉफी थिअरी'खाली (जरासा बदल झाला की पुढचं सगळंच पालटतं, तो सिद्धांत) दोन रेघा, शेजारी 'व्हेरी इम्पॉर्टंट'. विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी जाते, तिळाएवढा फरक पडला असता तर मेलेच असते, ते बखरीतलं वाक्यही अधोरेखित. ही कथा मुळात मराठी आहे हे तिला शाळेत कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवून नारळीकरांनी पहिलं बक्षीस मिळवलं, तेही सांगितलं. ती खूश झाली. मग तिने विचारलं, "मग याला मराठीत कोणी उत्तर दिलंय? किमने दिलं तसं?"

वंदे, मला एकही कथा सांगता आली नाही. माझ्या डोळ्यांसमोर आली फक्त तू.

आठवतं, हॉस्टेलच्या गच्चीवर तू काय म्हणाली होतीस? पानिपत जिंकलं, कंपनी सरकारला वेसण बसली, पुढे लोकशाहीही आली. गायतोंडे त्या स्वाभिमानी देशाकडे बघून हरखतात. ठीक. पण मग १८४८ मध्ये भिडे वाड्यात शाळा उघडते का? जोतीराव-सावित्रीबाई त्या पुण्यात कुठे असतात? पेशवाई जोरात असताना मुलीच्या हातात पाटी कोण देतं? मी तेव्हा चिडले होते, कारण ती कथा मला जीव की प्राण. आजही आहे. आणि म्हणूनच तिला तुझ्यासारखीने अडवावं असं वाटतं. किमला ली ग्विन नकोशी असती तर ती तिच्या वाटेला गेलीच नसती.

मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, तेव्हा जो तो आदरांजलीचे लेख लिहीत होता. मीही वाचले, रडले. पण त्यांच्या एखाद्या कथेशी कोणी कडाकडा भांडलंय, असं कुठे दिसलं नाही. आपण लेखकाला हार घालतो आणि मोकळे होतो. ओवीच्या पिढीला तो धडा पाच मार्कांचा प्रश्न म्हणून भेटणार आणि बारावीत गेल्यावर संपणार, ही भीती मला झोपू देत नाही. धोका मला कळतो. कथेत गायतोंडे आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले तर लोकांनी टोमॅटो आणि अंडी मारली. तुझ्या पुण्यावर लिहिलंस तर तेवढ्यावर भागणार नाही. तरी लिही. त्याच सभेच्या मागच्या टोकाला पाटी लपवून उभी असलेली मुलगी तूच सांगितली होतीस. ती स्टेजकडे बघते आणि तिला धोतर-कोटातला एक भांबावलेला म्हातारा दिसतो, इथपर्यंत तू लिहिलं होतंस आणि मग कॅम्पस इंटरव्ह्यू आले.

ती पानं आहेत का? नसली तर पुन्हा लिही. विज्ञान परिषदेची कथास्पर्धा आहेच, आणि टोपणनाव घ्यायला तुला कोणी अडवलेलं नाही.

तुझी बदली झाली का? सासूबाईंचा गुडघा? चिन्मयने शेवटी कॉमर्सच घेतलं ना, बरं केलं. नागपूरला डिसेंबरात येईन म्हणते.

ओवी तुझा नंबर मागतेय. देते.

तुझी,
शमा

ता. क. तुझ्या डोक्याला फार ताप असेल तर आधी नेओमी क्रिट्झरची 'बेटर लिव्हिंग थ्रू अल्गोरिदम्स' वाच. तीही 'क्लार्क्सवर्ल्ड'चीच, २०२३ ची, ह्युगो पुरस्कारवाली. एक ॲप माणसांना सुखी करतं आणि पुढे त्या ॲपचं काय होतं, याची कथा. नेटवर फुकट आहे, लोकलमध्ये नसलीस तरी दुपारच्या डब्यात संपते.